कपाटामागची ओल

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मगच जवळ या. मी एक जुने सागवानी कपाट आहे आणि माझ्या पाठीला कुजका वास येतो. लाज वाटते, पण खरे तेच सांगतो.

मी असे नव्हतो. बाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी ओळखीच्या सुताराकडून मला करून घेतले. बाई शाळेत शिकवत. सकाळी माझ्या आरशात बघून केस नीट करत आणि सुट्टीच्या दिवशी मला तेलाच्या फडक्याने पुसत. शेजारीण म्हणे, "कपाट असावं तर असं!" माझी जागा खिडकीशेजारी होती. पाठीला वारा लागे.

बाई साठीला निवृत्त झाल्या. "आता रोज फिरायला जाणार, तुमचं काही ऐकणार नाही," असे त्यांनी काकांना, म्हणजे आपल्या यजमानांना, बजावले. त्याच सुमारास न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत गळू लागला. झोपायच्या खोलीत, पलंगाजवळच्या भिंतीवर आधी डाग आला, मग रंगाचे पोपडे सुटले, मग काळे ठिपके उमटले.

"अहो, प्लंबरला बोलवा. भिंत फोडावीच लागेल."

"अगं, जावई पहिल्यांदाच मुक्कामाला येतायत. त्यांना काय धुळीत बसवायचं? कपाट तिथे सरकवतो, कुणाला दिसणार नाही."

"दिसणार नाही, पण वासाचं काय?"

"जावई काय भिंती हुंगायला येतायत?"

दोघेही हसले. मला ढकलून त्या ओल्या भिंतीला चिकटवले. जावई आले, जेवले, गेले. मी मात्र तिथेच राहिलो.

शी! काय सांगू तुम्हाला! माझ्या पाठीवर हिरवट काळी बुरशी चढली. हात लावला तर बुळबुळीत. झुरळांनी फटीत अंडी घातली. आतल्या चादरींना कुबट वास येऊ लागला. काकांनी डांबरगोळ्या टाकल्या, वर सुगंधी फवारा मारला. त्या दोन वासांनी मलाच मळमळू लागले. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बाईंची उशी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांना खोकला लागला, मग धाप. फिरणे सुटले. डॉक्टरांनी काकांना फोनवर विचारले, "घरात ओल आहे का?"

"छे हो! या, बघून जा. भिंती चकचकीत आहेत," काका म्हणाले. खोटे बोलायचे म्हणून ते बोलले नाहीत. डोळ्यांआड झालेली भिंत ते खरोखरच विसरले होते.

बाई धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिचे घर कोरडे, हवेशीर. तिथे त्या जिना चढू लागल्या, फोनवर गाणेसुद्धा म्हणून दाखवत. बहीण म्हणाली, "ताई, भिंत दुरुस्त झाल्याशिवाय जाऊ नकोस." पण काका एकटेच काहीबाही खातात, म्हणून बाई परत आल्या.

"अहो, आता तरी?"

"पावसाळा संपू दे, लगेच करू."

पाऊस थांबायच्या आत बाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेले, ते नेलेच; बाई घरी परतल्या नाहीत.

त्यानंतर काकांनी मला एकट्याने ओढून बाहेर काढले. मागे बघितले आणि तोंडावर हात धरून ते मोरीकडे धावले. परत आले तेव्हा म्हणाले, "या घाणीत झोपवली मी तिला." खोलीत दुसरे कुणी नव्हते.

नळ एका सकाळीत दुरुस्त झाला. मित्रांनो, फक्त एका सकाळीत! याची मला बुरशीपेक्षा जास्त किळस येते.

आता मी ओसरीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. शेजारीण म्हणते, "भाऊजी, जाळून टाका ना ते." काका ऐकत नाहीत. ते येईल त्याला माझी काळी पाठ दाखवतात आणि विचारतात, "तुमच्या घरी कपाटामागे काय आहे?"

तेच मी तुम्हाला विचारतो. भिंतीला ओल दिसली, तर तिच्यावर चित्र टांगू नका, तिच्यापुढे कपाट लावू नका. आज एखाद्या मोठ्या माणसाला हाक मारा, दोघे मिळून घरातले कपाट पुढे ओढा. मागे बघून किळस येईल. येऊ द्या, तोंड फिरवू नका. त्या खोलीत झोपणारे माणूस अजून श्वास घेते आहे, तोवरच तुमच्या दुरुस्तीला अर्थ आहे.