जेनोआची वेस

आकांक्षाच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, हळदीला मांडवात पंगत बसली होती तेव्हा मोतीरामचा फोन आला. सन दोन हजार तेवीस, फेब्रुवारी महिना.

"नत्थू, लगन लागलं का सीधा अकोल्याले ये. माही नात आचल मोबाइलवर जेनोआ दाखवते म्हनते. गल्ल्यायनं फिरता येते म्हने!"

"मांडवात हावो बे मी. मंग बोलू."

"मंग? मले कोठी टाइम हाये मंगचा?"

ते खरं होतं. डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं. पण बुंदी मी तशीच पानात टाकून उठलो, ती दुसऱ्याच कारणानं.

मोतीराम आणि मी दोघेही अकोटचे. कापसाच्या जिनात गाठी उचलायचो. त्या गाठींच्या मागं मुंबईच्या गोदीत गेलो आणि तिथून मालाच्या जहाजावर खलाशी झालो. पोहायला दोघांनाही येत नव्हतं. शहात्तरच्या हिवाळ्यात बिस्केच्या उपसागरात पाच दिवस वादळ लागलं. जहाज पाण्याच्या डोंगरावर चढायचं, माथ्यावर जरा थांबायचं, मग खाली कुठं जायचं ते कळायचंच नाही. आम्ही एकच दोर दोघांच्या कमरेला बांधला होता. "एकडाव जमिनीवर पाय टेकू दे रे बाप्पा," एवढंच मोतीराम म्हणत राहायचा.

आठवड्यानं इटलीतलं जेनोआ आलं. मुक्काम एकच दिवस. सारंगानं, म्हणजे आमच्या मुकादमानं, सांगितलं की दोघांतला एकच उतरेल. चिठ्ठी निघाली मोतीरामच्या नावाची. पण मला मुलगा झाल्याची तार नेमकी त्याच सकाळी आली होती.

"बाप झाला बे तू. तूच जाय," तो म्हणाला. "पाहून ये अन् मले सांग."

संध्याकाळी परत येऊन मी सांगितलं. दगडी वेस, दोन्हीकडे बुरुज, आत उतरत जाणाऱ्या गल्ल्या, चौकात हौद, नदीचा घाट, खिडकीतून फूल टाकणारी बाई. मोतीराम डोळे मिटून ऐकत होता. पुढं गावी आल्यावर त्यानं ते शहर एसटीत सांगितलं, न्हाव्याकडं सांगितलं, लेकरांना झोपवताना सांगितलं. सांगता सांगता 'नत्थूनं पाह्यलं' कधी सुटलं आणि 'आमी पाह्यलं' कधी झालं, ते त्यालाही कळलं नसेल.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. त्याची खाट खिडकीशी लावली होती. वाऱ्यानं पडदा फुगत होता आणि तो त्या पडद्याकडे पाहत पडला होता.

"डोलून राहिलं बे," तो म्हणाला.

"काय?"

"घर."

"सकाळपासून हेच चालू हाये, भाऊजी," त्याची बायको सुंदराबाई म्हणाली. "यायनं मलेबी खलाशी करून टाकलं."

आचलनं मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "आबाजी, हे पाहा तिथली जुनी वेस."

दगडी कमान. दोन्हीकडे उंच गोल बुरुज.

"हेच! हेच थे!" मोतीराम उठूनच बसला. "पाह्य नत्थू, जशीच्या तशी हाये!"

मी ती वेस जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

"आता अंदर चाल. कोन्या अंगाले वळला होता तू? हौद कोठी हाये?"

आचल माझ्या उत्तरासाठी थांबली होती. डावीकडे म्हटलं असतं तरी चाललं असतं. एवढ्या मोठ्या शहरात हौद कुठंतरी निघालाच असता. पण मोतीरामच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मोत्या, मी गावाच्या अंदर गेलोच नोतो."

वाचायला मी साठीत शिकलो, सुनेकडून. जेनोआत उतरलो तेव्हा अक्षर म्हणजे भिंत होती. "गोदीच्या फाटकाबाहीर पाट्याच पाट्या. वाट चुकलो अन् जहाज सुटलं तं? तठीसाच एका दगडावर बसलो. दिवसभर."

"अन् वेस?"

"अचलपूरची."

"घाट?"

"कौंडण्यपूरचा."

"अन् थे फूलवाली बाई कोठची व्हती?" सुंदराबाईनं विचारलं.

"थे कोठचीच नाही, वहिनी."

मोतीराम परत आडवा झाला. मग म्हणाला, "अचलपूरले तं मी एसटीनं गेलो असतो बे." आचल हसली. तो हसला नाही. "माही चिठ्ठी होती नत्थू थे. वाया घातली तू. लेकरायले काय काय सांगितलं मी."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"मंग दिवसभर पाह्यलं काय?" त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"तुले."

तो वळला नाही, पण ऐकत होता. मी सांगितलं. जहाज असं लांबून मी कधी पाहिलंच नव्हतं. वादळानं रंग खरवडून नेला होता, आणि तू कडेला दोरानं सोडलेल्या फळीवर बसून गंज ठोकत होता. हातोडी पडलेली आधी दिसायची, आवाज मागून यायचा. दुपारी ऊन पडलं, तू सदरा काढला. खाली पाणी एवढं निळं की तू आभाळातच टांगलेला दिसायचा. मधेच शहराकडं पाहायचा. मी हात हलवला. तूही हलवला.

मोतीराम हळूच वळला. "थो काळ्या कोटवाला तूच होता? टोपीवाला?"

"सारंगानं देल्ला होता कोट. थंडी होती नं."

"मले वाटलं, तठीचा कोनी गोरा हाये." तो कोपरावर उठला. "एवढ्या मोठ्या गावातून एकानं मले हात केला, वाटलं. हे मी कोनालेच नाही सांगितलं. हिलेबी नाही."

सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला.

"पोरी, थो मोबाइल ठेव," तो म्हणाला. "नत्थू, अखीन सांग. मी फळीवर बसलो होतो, तठून सांग."

मी पुन्हा सांगितलं. अंगणात सावली लांब झाली, सुंदराबाईनं दोनदा चहा केला, आणि मी शेवटची अकोट गाडी जाऊ दिली.

मोतीराम दहा मार्च दोन हजार तेवीसला, शुक्रवारी दुपारी, अकोल्यात आपल्या घरी वारला.