अँब्रोजकाकांच्या टाकीतला काळा स्पंज

मित्रांनो, मला पाहून तुम्ही प्रथम नाक मुरडाल, याची मला पूर्ण कल्पना आहे. मी एक जुना, काळाकुट्ट पडलेला स्पंज आहे. ठाण्यातील कोपरी येथे अँब्रोजकाकांच्या घरी गोल्डफिशची तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या एका नळीभोवती माझे वास्तव्य असते. मासे सर्वांना दिसतात. मी सहसा कोणाला दिसत नाही, आणि दिसलोच तर आवडत नाही. तरीही आज मी माझी कहाणी सांगण्याचे धाडस करीत आहे, कारण माझ्या बाबतीत घडलेल्या एका चुकीमुळे एका निष्पाप जिवाला प्राणास मुकावे लागले, आणि दुसरा थोडक्यात बचावला.

माझा जन्म डोंबिवलीजवळच्या मानपाडा भागात, एका लहानशा कारखान्यात झाला. फोमच्या एका भल्यामोठ्या लादीतून आम्हा भावंडांना पात्याने कापून वेगळे करण्यात आले. कोणी सोफ्यात गेले, कोणी मोटारसायकलच्या सीटमध्ये गेले. माझ्या मध्यभागी भोक पाडण्यात आले आणि मी मासे विकणाऱ्या एका दुकानात येऊन पडलो. त्या वेळी मी कोरा, करकरीत आणि मनाने काहीसा गर्विष्ठ होतो, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वी अँब्रोजकाकांनी मला विकत घेतले. काका एका कारखान्यात फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. घरी त्यांनी टाकी मांडली, तळाशी गोटे पसरले, पाणी भरले, हवेचा पंप सुरू केला. बुडबुडे नळीतून वर जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर टाकीतले पाणी माझ्या अंगातून वाहू लागले. परंतु मासे काही आले नाहीत! आठवडा झाला, दोन झाले. काका रोज चिमूटभर दाणे रिकाम्या पाण्यात टाकीत.

त्यांच्या पत्नी स्टेलाबाई हसून म्हणत, "कुणाला जेवू घालता ओ? पाण्याला?"

"पाणी पिकायला पाहिजे गो," काका म्हणत. "आजच मासे आणले तर आजच मरतील."

ते बोलणे मलाही त्या वेळी उमगले नाही. पुढे उमगले. मित्रांनो, मासा खातो, श्वास घेतो, आणि त्याच्या शरीरातून जे बाहेर पडते ते पाण्यात विरघळून त्याचे विष होते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण माशाचे कल्ले त्यात भाजून निघतात. हे विष खाणारे अतिसूक्ष्म जीव असतात; रिकाम्या पाण्यात कुजणारे ते दाणे त्यांच्यासाठीच होते. त्यांना राहण्यास घर लागते. माझ्या अंगातील असंख्य छिद्रे हीच त्यांची घरे झाली. महिन्याभरात माझ्यात एक अख्खे गाव वसले. माझा कोरा रंग गेला, मी तपकिरी झालो, मग काळा झालो. रूप गेले, परंतु माझ्या आयुष्याला अर्थ प्राप्त झाला.

त्यानंतर काकांनी दोनच मासे आणले, अंगठ्याएवढे. दुकानदार सहा घ्या म्हणत होता. काका म्हणाले, "हे वीतभर वाढतात बाबा, मी काय त्यांना चाळीत ठेवू?" नारिंगी अंगाचा आणि पांढऱ्या शेपटीचा तो बाब्या, आणि संपूर्ण सोनेरी ती राणी. काकांची मुले परदेशी स्थायिक झालेली. त्यामुळे घरात "दोघं जेवली काय?" असे कोणी विचारले, तर ते दोघे म्हणजे बाब्या आणि राणीच असत.

दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतल्यावर काका टाकीतले पाव हिस्सा पाणी बादलीत काढीत. त्याच पाण्यात मला दोन वेळा हलकेच दाबीत आणि परत जागेवर बसवीत. नळाखाली त्यांनी मला कधीही धरले नाही. टाकीत घालायचे नवे पाणीसुद्धा ते आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून ठेवीत, कारण नळाच्या पाण्यात माणसांच्या भल्यासाठी जंतू मारण्याचे औषध असते, आणि ते औषध माशांना व माझ्या गावकऱ्यांना सोसत नाही. बादलीतले जुने पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना मिळे.

अशी सहा वर्षे सुखाने गेली. पाहुणे येत, बाब्याचे कौतुक करीत, राणीचे फोटो काढीत. माझ्या वाट्याला मात्र समोरच्या दारात राहणाऱ्या सुमतीबाईंचे शब्द आले. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, अतिशय टापटिपीच्या. एके दिवशी टाकीपाशी वाकून त्या म्हणाल्या, "अगं स्टेला, घर कसं आरशासारखं ठेवतेस, आणि त्या कोपऱ्यात हे काय? मेलेल्या उंदरासारखं दिसतंय!"

स्टेलाबाई शरमल्या. काका घरात असेपर्यंत मात्र त्यांनी मला हात लावला नाही.

यंदा काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. इस्पितळात जाताना त्यांनी एवढेच बजावले, "टाकीला हात लावू नको. चिमूटभर दाणे टाक, बस्स." शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मात्र त्यांना मनस्ताप होईल असे काहीही सांगू नका, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. रविवारी काका घरी येणार असे ठरले, आणि स्टेलाबाईंच्या अंगात उत्साह संचारला. पडदे धुतले गेले, पंखे पुसले गेले, माउलीच्या मूर्तीसमोर नवी फुले आली. मंगळवारी टाकीची पाळी आली.

मित्रांनो, स्टेलाबाईंनी काय केले ते ऐका, आणि त्यांना दोष देऊ नका. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचे, हे त्यांनी काकांना करताना पाहिले होते. म्हणून त्यांनी घरातले सगळे टब आणि बादल्या भरून ठेवल्या. मासे एका टबात ठेवून टाकीतले सर्व पाणी काढले. गोटे नळाखाली चोळून चोळून मोत्यासारखे केले. काचेवरचा हिरवा थर खरवडला. आणि दुकानातून आणलेला एक कोरा स्पंज नळीवर बसवून मला जुन्या पाण्याच्या बादलीत टाकले.

"आता बघा आपली टाकी!" त्या सुमतीबाईंना म्हणाल्या.

"आता कशी शोभते!" सुमतीबाई म्हणाल्या.

दिवाणखान्याला लागूनच असलेल्या बाल्कनीत ती बादली ठेवण्यात आली. तेथून मला सर्व दिसत होते. नवे घर पाहून बाब्या आणि राणी प्रथम भराभर फिरले. बुधवारी ती दोघे मंदावली. पाणी ताकासारखे पांढरट झाले. गुरुवारी सकाळी दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकू लागले. भूक लागली असेल, अशा समजुतीने स्टेलाबाईंनी आणखी दाणे टाकले. त्यामुळे विष अधिकच वाढले. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. माझी स्वतःची अवस्थाही बिकट होती. घरकाम करणारी मालन रोज कुंड्यांना दोन-दोन मग पाणी घाली आणि बादली रिकामी होत जाई. पाणी संपले की मी सुकणार, आणि मी सुकलो की माझे गाव नष्ट होणार.

गुरुवारी संध्याकाळी राणी गेली.

स्टेलाबाईंनी तिला हातरुमालात गुंडाळले आणि क्रोटनच्या कुंडीत पुरले. मी अगदी जवळून ते पाहिले. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. "दोघं जेवली काय गो?" काकांचा आवाज क्षीण होता.

"जेवली," स्टेलाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून मातीच्या हातांनीच डोळे पुसू लागल्या. "बाब्या पण गेला तर मी ह्यांना काय दाखवू? रिकामी काच?"

शुक्रवारी सकाळी सुमतीबाई आल्या, तेव्हा बाब्या एका कुशीवर कलला होता. स्टेलाबाईंनी मासेवाल्या दुकानदाराला, व्हॅलेंटाईनला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आंटी, जुना स्पंज कुठे आहे?"

"तो टाकला रे. घाण झालेला नुसता."

"टाकला? आंटी, त्यातच तर सगळे जंतू होते!"

"म्हणूनच टाकला ना! जंतू घरात कशाला ठेवायचे?"

"चांगले जंतू, आंटी! ते माशाची घाण खातात. नव्या स्पंजात ते नसतात. गोट्यांवर होते, ते पण तुम्ही धुतले असतील."

 सुमतीबाई फोनजवळ सरकल्या. "अगं बाई! म्हणजे हे विरजणच की!"

"काय?"

"विरजण गं! गेल्या आठवड्यात वाटीभर नेलंस ना माझ्याकडून? नुसतं दूध ठेवून दही लागतं का? जुन्यातलं चमचाभर घालावं लागतं. तू भांडं घासलंस आणि त्यातलं विरजणही मोरीत ओतलंस. आणि मी शहाणी! तुला म्हणाले, आता कशी शोभते!"

"अगदी बरोबर, आंटी," फोनमधून व्हॅलेंटाईन म्हणाला. "जुना स्पंज ओला असला तर अजूनही मासा वाचेल. सुकला असेल तर मात्र कठीण आहे."

मित्रांनो, हे बोलणे मला मागाहून कळले; त्या घटकेला मी कोठे होतो? बादलीतले पाणी सकाळीच संपले होते. मालन ही काटकसरी बाई. कोणतीही वस्तू ती वाया जाऊ देत नसे. तिने मला उचलून न्हाणीघरात नेले होते. फरशी घासण्यास मी उत्तम, असा तिचा विचार होता. समोर फिनेलचे पाणी तयार होते. त्याचा उग्र वास माझ्या छिद्राछिद्रांत शिरत होता. तिने मला हातात धरले आणि पाण्याच्या दिशेने नेले.

"मालन! तो काळा बोळा कुठाय गो?" स्टेलाबाई धावतच आल्या.

"हा काय. फरशीला घेतलाय."

"बुडवू नको! थांब, मालन, थांब!"

मालन जागच्या जागी थिजली. "अवो बाई, मी काय चोरला नाही! तुम्हीच टाकलेला!"

"चोर म्हणून नाय ओरडले, बाय," स्टेलाबाईंनी मला दोन्ही हातांत घेतले. "बघ, ओला आहे. अजून ओला आहे!"

एका फोमच्या तुकड्यास इतक्या मायेने कोणी धरल्याचे मी त्यापूर्वी अनुभवले नव्हते.

व्हॅलेंटाईनने सांगितल्याप्रमाणे मला टाकीतल्याच पाण्यात एकदा हलवून नव्या स्पंजाशेजारी बसविण्यात आले. दाणे बंद करण्यात आले. ड्रममध्ये शिळ्या केलेल्या पाण्याने दररोज पाव हिस्सा पाणी बदलायचे ठरले. सुमतीबाईंनी घरचे टब आणून दिले आणि बादल्या उचलू लागल्या. मी मात्र मनातून भयभीत होतो. तीन दिवस साचलेल्या पाण्यात काढल्यामुळे माझे निम्मे गावकरी दगावले असावेत. उरलेल्या निम्म्यांना एवढे विष झेपेल काय? शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी बाब्या सरळ झाला, पण तळाशीच बसून राहिला. दुपारी त्याने एकदा शेपूट हलविली. सुमतीबाईंनी बादली खाली ठेवली आणि टाळी वाजवली. शनिवारी रात्री तो सावकाश माझ्यापर्यंत पोहत आला आणि माझ्या अंगाला तोंड लावून काही खुडू लागला. मित्रांनो, त्या स्पर्शाचे वर्णन करण्यास माझ्यापाशी शब्द नाहीत.

रविवारी काका आले. छातीवर पट्टी, हातात काठी. घर पाहिले, पडदे पाहिले, आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. बाब्या काचेपाशी आला. काकांनी त्याच्यापुढे बोट धरले. मग त्यांची नजर टाकीभर फिरली.

"राणी?"

स्टेलाबाईंना रडू आवरेना. रडतच त्यांनी सारे सांगितले. गोटे, कोरा स्पंज, फोनवरचे खोटे, कुंडी. काही लपविले नाही. सुमतीबाई दारात उभ्या होत्या. "अँब्रोजभाऊ, अर्धा दोष माझा आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी बाल्कनीतल्या कुंडीकडे पाहिले. मग म्हणाले, "सहा वर्षं मी एकटाच टाकी धुत होतो. हात लावू नको, एवढंच सांगितलं. का लावायचा नाय, ते कधी सांगितलं नाय. मना वाटलं, मी आहेच की कायम." त्यांनी काठीने शेजारची खुर्ची दाखवली. "आता डॉक्टर बोलला, तीन महिने बादली उचलायची नाय. ये, बस इथं. शिकवतो."

पुढच्या रविवारी स्टेलाबाईंनी बाह्या सावरून मला टाकीच्या पाण्याच्या बादलीत धरले आणि पिळले.

"बस्स, बस्स!" खुर्चीतून काका ओरडले. "चादर पिळतेस काय? दोनदा दाब नि सोड. थोडा मळ राहू दे त्याच्यात."

"मळ राहू दे, म्हणे! लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा असं बोललात," स्टेलाबाई म्हणाल्या, आणि दोघेही हसले. काकांनी हसताना छातीवर हात धरला होता.

मित्रांनो, माझी तुम्हांस कळकळीची विनंती आहे. गोल्डफिश पाळायचे असतील तर त्यांना वाडग्यात कोंडू नका, ऐसपैस टाकी द्या. त्यांना आणण्यापूर्वी पाणी पिकू द्या. दाणे चिमटीत मावतील तेवढेच टाका. आणि ज्यावर आपले प्रेम आहे त्याला स्वच्छ करण्यापूर्वी, त्याच्यात कोण कोण राहते याची जरा चौकशी करा. शिवाय घरातले जे काम तुम्हा एकट्यालाच येते, ते आणखी एकाला शिकवून ठेवा.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्या कडा झिजून गळू लागल्या आहेत. पण मला त्याचे दुःख नाही. माझ्या शेजारचा तो कोरा स्पंज आता हळूहळू तपकिरी होत आहे. स्टेलाबाई रोज त्याच्याकडे निरखून पाहतात, आणि त्याला धूत नाहीत.