साध्या पाण्याची टाकी

“पुन्हा तेच. ‘सुरेख निरीक्षण.’ यात सुरेख काय आहे? मेल्यात त्या.”

शेवटच्या वर्षाची एक मुलगी, कायसा, सरांनी शेरे मारलेला आपला प्रबंध हातात धरून झेरॉक्स मशीनकडे तोंड करून पुटपुटत होती. मशीन माझ्या टेबलाला खेटून आहे, त्यामुळे ऑनर्सच्या मुलांची कुरकुर सगळ्यात आधी माझ्या कानावर पडते. खोल्या राखून ठेवणं, प्रबंध बांधायला पाठवणं, केक मागवणं ही माझी कामं. रडणाऱ्यांना नॅपकिन देणं हेही करते, पण ते नेमणुकीत नाही.

“कोण मेलं?” मी विचारलं.

“गोगलगायी. ग्लेंडा, किती वेळा सांगितलंय तुम्हाला.”

सांगितलं होतं खरं. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळला की ते ओढ्यात उतरतं आणि तिथल्या गोगलगायी मरतात, हे कायसाला सिद्ध करायचं होतं. तिने तळघरातल्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याच्या टाक्या मांडल्या आणि तुलनेसाठी शेजारी साध्या पाण्याची एक. नाताळात सगळं हॉस्टेल घरी गेलं, ही राहिली. गोगलगायींना खायला कोण घालणार, म्हणे. त्याच सुट्टीत मिठातल्या गोगलगायी मेल्या. पाठोपाठ साध्या पाण्यातल्याही.

ऑनर्सचा वर्ग म्हणजे एक लांबट टेबल आणि भोवती अर्धं पुस्तक वाचून पूर्ण बोलणारी मुलं. कायसा पूर्ण वाचून यायची आणि कोणी विचारलं तरच बोलायची. फारसं कोणी विचारत नसे. चार वर्षांत तिने माझ्याकडे एकच तक्रार केली होती, तीही दुसऱ्या एका मुलीच्या खोलीतल्या हीटरबद्दल.

“हॅलोरन सर तुझे मार्गदर्शक, त्यांनाच स्पष्ट विचार ना.”

“विचारलं की. म्हणाले, शेवटच्या पानावर एक ओळ टाक आणि आलेखात ती टाकी दाखवू नकोस, लोक उगाच गोंधळतात. वर म्हणाले, तू फार मेहनती आहेस. मी टाकीचं विचारते, ते माझ्या स्वभावाचं सांगतात.”

“आणि रसायनाच्या बाई?”

“त्यांना सगळं रंजक वाटतं. घराला आग लागली तरी त्या म्हणतील, रंजक आहे.”

मला हसू आलं, तिला नाही.

“प्रयोग पुन्हा करायला आता वेळ नाही. खरं लिहिलं तर प्रबंधात काही उरत नाही, ऑनर्स गेलं. आईने तर ती कामाला आहे त्या वृद्धाश्रमातल्या आज्यांनासुद्धा सांगून ठेवलंय.” तिने कागद माझ्यासमोर धरले. “तुम्ही सांगा. चालेल हे?”

“मला बाई गोगलगायीतलं काय कळतं,” म्हणत मी स्टेपलर पुढे केला. तिने तो मागितला नव्हता.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिची आई, रित्वा, सगळ्यांच्या आधी आली. ड्यूटी बदलून घेतली होती, पायांत कामावरचेच पांढरे बूट. खोलीच्या दारातून तिला टेबलावरचा केक दिसला. त्यावर ‘अभिनंदन कायसा’ लिहिलेलं.

“म्हणजे पास झाली का?” तिने घाबरत विचारलं.

“अजून सुरू व्हायचंय. केक आधीच मागवतो आम्ही.”

“आणि कोणी नापास झालं तर?”

“होत नाही कोणी.”

“भारीच हुशार मुलं म्हणायची,” रित्वा म्हणाली. मी चमचे मोजायला घेतले.

कायसा चांगली बोलली. भिंतीवर आलेख होता, त्यात मिठाची रेघ उतरत उतरत तळाला जात होती. दुसरी, साध्या पाण्याची रेघच नव्हती. मग प्रश्न झाले. रसायनाच्या बाईंनी विचारलं, या कामात तुला सगळ्यात रंजक काय वाटलं. आमच्या ऑनर्स विभागाच्या डायरेक्टरांनी विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे. हॅलोरन सर म्हणाले, मला प्रश्न नाही, फक्त कौतुक करायचंय. रित्वा मागच्या खुर्चीत कोट मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

“तर आम्ही तिघं पाच मिनिटं बाहेर जाऊन ठरवतो,” डायरेक्टर उठत म्हणाले. “म्हणजे, ठरलंच आहे म्हणा.”

सगळे हसले.

“सर, जरा बसता का?” कायसा म्हणाली.

ते बसले.

“तुम्ही कोणी साध्या पाण्याच्या टाकीचं विचारलं नाही.”

“ते शेवटच्या पानावर आहे,” हॅलोरन सर हळूच म्हणाले. “झालंय तुझं, कायसा. छान झालंय.”

“छान म्हणू नका ना आता.” आवाज चढला नाही तिचा. रित्वा खुर्चीतून अर्धवट उठली. कायसाने तिच्याकडे पाहिलं आणि उरलेलं तिलाच सांगितलं.

“आई, साध्या पाण्यातल्याही मेल्या. मिठाने मेल्या की माझ्या हातून काही चुकलं, मला माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही. या प्रयोगातून काहीच सिद्ध झालेलं नाही.”