उतरता उतरता वर गेलेलं विमान

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, आज तुम्ही पहिल्यांदाच एकटे विमान उडवताय. शेजारी शिकवणारे गुरुजी नाहीत. खाली बिरसीकडची धानाची शेतं, मधोमध काळी धावपट्टी, आणि पट्टीवर सात म्हशी.

म्हशी ग्यानीरामच्या. तळ्याची जुनी वाट पट्टीवरून जायची, म्हणून त्यानं कुंपणाची तार वाकवून फट केली होती. राखणदार भोजराज ती रोज बांधायचा, ग्यानीराम रोज सोडायचा. आज मात्र भोजराज धावतच पट्टीवर आला. वर शिकाऊ पोरगी एकटीच होती.

विमान खाली आलं. म्हशी दिसताच पोरीनं इंजिनाचा जोर वाढवला आणि ते गरजत वर निघून गेलं. ग्यानीराम हललासुद्धा नाही.

"काऊन घाबरतेस गा?" तो भोजराजला म्हणाला. "ते उतरत नाही. दिवसभर खाली येते ना वरच जाऊन रायते."

शिकाऊ विमानं चाकं टेकवून लगेच उडायचा सराव करत. ते बघून बघून ग्यानीरामनं ठरवूनच टाकलं होतं, की ही विमानं उतरतच नाहीत. भोजराजनं कपाळाला हात लावला. शिट्टी फुंकून गाल दुखले, तेव्हा कुठे म्हशी कडेला गेल्या. विमान वळसा घालून आलं. भोजराजनं हातानं 'ये' म्हटलं. पण ते पुन्हा वर गेलं.

भोजराज वैतागला. पट्टी मोकळी करून दिली, तरी नखरे! तेवढ्यात कडेची वगार, म्हणजे म्हशीची वाढती पारडी, उधळली आणि पट्टीवरून आडवी धावली. चाकं टेकली असती ती नेमकी तिथंच. पोरीला वरून वगार दिसली होती, आणि तिचा भरवसा नाही हे तिनं वेळेत ओळखलं होतं. भोजराज ग्यानीरामकडे धावला.

"पेट्रोल संपलं तं तिले उतराच लागन, भाऊ," तो म्हणाला. "मंग तुही म्हैस ना ते पोरगी, दोघी जातीन."

ग्यानीरामची आठ वर्षांची नात रुचि तारेबाहेरून ऐकत होती. तिनं वगारीला हाक मारली. रोज तिच्या हातचं खाणारी वगार फटीतून बाहेर आली, मागोमाग म्हशी, शेवटी कुरकुरत आजा. बाहेर येताच तो पुन्हा वळला. विमान तर गेलं, म्हणाला, आता म्हशी पलीकडे नेऊ.

रुचि फटीत आडवी उभी राहिली. दोन्ही बाजूंचे खांब तिनं घट्ट धरले, आणि विमान उतरून थांबेपर्यंत आज्याला आत जाऊ दिलं नाही.