कुरामोचीसानांची घंटी

"भाजलं की घंटी दाबा, असं किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?" कुरामोचीसानांच्या पाठीवरचा फोड बघून मी ओरडलेच.

त्यांनी ओसाकात चाळीस वर्षं सार्वजनिक न्हाणीघर चालवलेलं. म्हणाले, "डॉक्टर, कढत पाण्यात हूं की चूं न करता बसायचं असतं. ओरडतात ती पोरं."

आमच्या प्रयोगात किरणं दिल्यावर औषधानं कॅन्सरच्या गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात, मग चाळीस मिनिटं गाठ तापवतात. रक्त थांबलं की उष्णता आतच टिकते. पण कातडी कुठे पोळतेय, ते रुग्णानंच सांगायचं असतं.

"तुमच्या हौदात कुणी गपचूप बेशुद्ध पडला असता तर?"

"बाहेर काढून कान उपटले असते."

"मग हा हौद माझा आहे, लक्षात ठेवा."

फोड भरल्यावर ते पुन्हा आले आणि स्वतःच टेबलावर चढले. बाराव्या मिनिटाला घंटी वाजली. मी धावले.

"डावीकडे, शेवटच्या बरगडीखाली. अर्धा अंश जास्त आहे."

मापकावर बघितलं. बरोबर अर्धा अंश. माझा हात बटणाकडे गेला.

"कमी करा, बंद नका करू," ते म्हणाले. "अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत माझी."