तिसरं रीडिंग

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पदवीदानाचा झगा इस्त्री करून दाराला टांगलेला असताना, सिग्ने ट्वेटला मेडिकल कॉलेजची ईमेल आली. वसतिगृहाच्या खोलीबद्दल काहीतरी असेल असं तिला वाटलं. प्रवेश तर जानेवारीतच मिळाला होता. गावच्या साप्ताहिकात फोटो छापून आला होता, चर्चच्या तळघरात तिच्या नावाने कॉफी आणि रूबार्बच्या वड्याही झाल्या होत्या. ईमेल चार ओळींची होती. तुमच्या गुणपत्रकात जनरल केमिस्ट्री हा विषय आढळत नाही. दोन सत्रं, प्रयोगशाळेसह, कॉलेजात शिकलेली असावीत, किमान बी श्रेणी असावी. एकतीस जुलैपर्यंत पूर्तता न झाल्यास प्रवेश रद्द समजावा.

तिने ती तीनदा वाचली. मग ती उठली आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली.

हा तक्ता म्हणजे सिग्नेची चार वर्षांची तपश्चर्या. आमच्याकडे मेडिकलला जायचं तर आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, आणि त्या पदवीत कुठले विषय कितीदा घेतले यावर मेडिकलवाल्यांचा डोळा. म्हणून कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तिने जाड पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या होत्या. जीवशास्त्र हिरवं, भौतिकशास्त्र पिवळं, संख्याशास्त्र कोणत्या सत्रात, मानसशास्त्र कुणाकडे, इंग्रजीचे दोन वर्ग कुठे कोंबायचे, सगळं ठरलेलं. खोलीतली मैत्रीण म्हणायची, सिग्ने नवरा करायला निघाली तर आधी त्याच्या पूर्वअटी तपासेल. जनरल केमिस्ट्रीच्या दोन चौकटींवर मात्र पहिल्या दिवसापासून फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘झालं’.

झालं, कारण ते हायस्कुलातच झालं होतं. अकरावीत तिने केमिस्ट्रीचा कॉलेजच्या तोडीचा वर्ग घेतला होता आणि त्याच्या देशभरच्या परीक्षेत पाचपैकी पाच मिळवले होते. एल्सरूडच्या शाळेतून पाच मिळवणारी ती पहिलीच. शाळेबाहेरच्या ज्या पाटीवर एरवी फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळा लागतात, तिथे आठवडाभर तिचं नाव झळकत होतं. आणि वर्ग शिकवणारे मिस्टर ट्वेट म्हणजे तिचेच वडील, त्यामुळे आर्विड ट्वेटांनाही त्या आठवड्यात हॉटेलात कुणी कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत. कॉलेजने त्या पाचावर दोन्ही सत्रांची आठ क्रेडिट बहाल केली. सल्लागार प्राध्यापक म्हणाले, झालेलं पुन्हा कशाला घोकतेस, सरळ ऑरगॅनिक केमिस्ट्रीला बस. ती बसली, आणि ए घेऊन उठली.

कॉलेजला जे चालतं ते मेडिकलला चालेलच असं नाही, हे कुणी सांगायचं? तसं ते लिहिलेलं होतं. मेडिकलच्या वेबसाइटवर, तळटीपेत. तक्त्याच्या चौकटी रंगवणाऱ्या या शहाण्या मुलीने चार वर्षं ती तळटीप वाचली नव्हती.

तिने घरी फोन केला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज फुटलाच. पलीकडून आर्विडनी ना धीर दिला ना हळहळ केली. आमच्याकडे घराला आग लागली तरी माणसं ‘आज जरा उकडतंय’ एवढंच म्हणतात, त्यामुळे त्यात तिला काही वेगळं वाटलं नाही.

"प्रयोगशाळेसह म्हणालेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"प्रयोगशाळेसह," ते पुन्हा म्हणाले. "बरं. मग उन्हाळ्यात करून टाकू."

पस्तीस मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात दोन्ही सत्रं आठ आठवड्यांत उरकणारा वर्ग होता. जूनच्या पहिल्या सोमवारी सुरू, पंचवीस जुलैला बंद. शिक्षकाच्या नावापुढे ‘नंतर कळवू’ असं छापलं होतं. तिने फी भरली आणि सोमवारी सकाळी सातला घराबाहेर आली, तर वडील पिकअपमध्ये आधीच बसलेले, गळ्यात टाय. मलाही तिकडंच काम आहे, म्हणाले. टाय लावून माणूस ट्रॅक्टरचे सुटे भाग आणायला जात नाही एवढं तिच्या लक्षात यायला हवं होतं. वर्गात शिरून तिने वही उघडली, आणि फळ्यापाशी एप्रनची नाडी बांधत उभे होते आर्विड ट्वेट.

ती थक्क झाली. मधल्या सुट्टीत तिने त्यांना गाठलं. मला सांगितलं का नाहीस? शुक्रवारी फोन आला, ते म्हणाले, जुने मास्तर निवृत्त झाले, दुसरं कुणी मिळेना. आज कळेलच तुला, म्हटलं. आणि बापाने लेकीला शिकवलेलं चालतं का? डीनलाही तेच विचारलं होतं त्यांनी. डीन म्हणाली, नातेवाईक नको म्हटलं तर या काउंटीतल्या सगळ्या शाळांना कुलूप लावावं लागेल.

त्या संध्याकाळी बटाट्याचं हॉटडिश वाढताना आई, लोइस, हसून हसून बेजार झाली. तेच पुस्तक, तोच माणूस, तोच टाय, पण शाळेत शिकवलं तर मेडिकलला चालत नाही आणि पस्तीस मैल डिझेल जाळून शिकवलं की चालतं! सिग्नेही हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला पोटभर जेवण गेलं. घरात ‘डॅड’, वर्गात ‘मिस्टर ट्वेट’, हे तर शाळेपासून अंगवळणी पडलेलं. आणि केमिस्ट्री तिला येत होतीच. फक्त आठ आठवडे पुन्हा उरकायची होती.

तिसऱ्या आठवड्यात टायट्रेशन आलं. तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, द्रावण थेंब थेंब सोडायचं, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि नळीतलं किती खर्च झालं त्याचं रीडिंग घ्यायचं. असं तीनदा. सिग्नेचं पहिलं आलं २१.३०, दुसरं २१.३५. तिसरंही तेवढंच येणार हे शेंबडं पोरही सांगेल. तिने २१.३० लिहिलं, ब्युरेट धुतली आणि सगळ्यांत आधी बाहेर पडली.

गुरुवारी वहीतलं पान परत मिळालं. वर लाल शाईने शून्य.

तिला वाटलं, पान दुसऱ्या कुणाचं तरी असणार. पण नाव तिचं होतं, अक्षर तिचं होतं. परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये बीटाची शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती आणि ती पान मांडीवर धरून बसली होती. सहा मैल गेल्यावर ती बोलली.

"हे चुकून झालंय ना?"

"नाही."

"रीडिंगं बरोबर आहेत माझी."

"दोन बरोबर आहेत. तिसरं तू घेतलंच नाहीस. तिसरा फ्लास्क कोरडा होता."

एक प्रयोग शून्य म्हणजे काय होतं ते तिने मनातल्या मनात मांडून पाहिलं. उरलेले सगळे जवळजवळ निर्दोष झाले तरच बी. एखादा बिघडला की प्रवेश गेला.

"माझी मेडिकलची जागा जाईल, डॅड. तुझ्या हातानं जाईल."

"पुढचे नीट केलेस तर नाही जाणार."

"तिसरं रीडिंग सगळेच जुळवतात. अख्ख्या जगात जुळवतात."

"माहीत आहे मला." त्यांनी समोरच्या ट्रॅक्टरसाठी वेग कमी केला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "चौदा मार्च. अकरावीत होतीस. तिसरं रीडिंग तू १८.६० लिहिलंस. ब्युरेटची तोटी बंद होती, आणि तू खिडकीतून बाहेर बघत होतीस."

सिग्नेला धक्का बसला तो शून्याचा नव्हे, याचा. पाच वर्षं या माणसाने तो आकडा डोक्यात ठेवला होता, तारखेसकट. घरच्या टेबलावर तिच्यासोबत जेवले होते, पाटीवर तिचं नाव लागलं तेव्हा शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता, जानेवारीत चर्चच्या तळघरात सगळ्यांचे हात हातात घेतले होते. आणि ती बंद तोटी त्यांनी पाहिलेली होती.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" तिने विचारलं.

"परीक्षेत पेपर असतो, ब्युरेट नसते. तुला पाच पडणार हे दिसत होतं. आणि शाळेला पाच हवे होते." ट्रॅक्टरला मागे टाकत ते म्हणाले, "मलाही हवे होते."

"माझी ती वही तू अजून वर्गात दाखवतोस. नमुना म्हणून."

"दाखवतो. ते पान आलं की पटकन उलटतो."

सिग्नेला इतका राग आला होता की पिकअप थांबवून चालत जावंसं वाटत होतं. पण चालत जाऊन काय, राग सोबतच आला असता. कारण तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं आणि ते आता हलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती नर्सिंग होममध्ये मदतनीस होती. अर्जात दाखवायला तो अनुभव लागतो. एका सकाळी मिसेस ओमडाल गाढ झोपल्या होत्या. त्यांचा रक्तदाब रोज एकशे अठ्ठावीसच्या आसपास यायचा. म्हातारीला कशाला उठवा, म्हणून सिग्नेने तक्त्यावर १२८ लिहिलं आणि ती पुढच्या खोलीत गेली. त्यातून काही झालं नाही. झालं नाही म्हणूनच आजवर आठवलंही नव्हतं. पट्टा दंडाला न बांधता आकडा लिहिणारा हात तिचाच होता, आणि तो कुठे शिकला होता तेही आता तिला कळलं होतं. त्या चार ओळींच्या ईमेलला तिने महिनाभर शिव्या घातल्या होत्या. त्या ईमेलने विचारलं होतं एवढंच, की हे तू स्वतःच्या हाताने केलंयस का. नव्हतं केलं.

दोन दिवस दोघांच्या तोंडाला कुलूप बघून लोइसने विचारलं, कुणी गेलं की काय? शेवटी मिठाची बरणी सरकवताना सिग्ने म्हणाली, "सोमवारी लवकर निघू. मला ब्युरेट नीट धुऊन घ्यायचीय." आर्विडनी मान डोलावली. आमच्याकडे याला समेट म्हणतात.

पुढचे पाच आठवडे तिने प्रत्येक रीडिंग घेतलं. डोळा रेषेच्या पातळीत आणून घेतलं, आकडा नको तेवढा मोठा आला तरी तोच लिहिला. ज्या गोष्टी येतात असं ती समजत होती त्यातल्या निम्म्या तिला येत नव्हत्या. थेंब अर्धा सोडता येतो हे तिला बाविसाव्या वर्षी कळलं. गुण मिळत गेले, पण एकही सांडायला जागा नव्हती.

शेवटचा प्रयोग चोवीस जुलैला होता. बाटलीतलं आम्ल किती तीव्र, ते शोधायचं. पहिलं रीडिंग आलं २४.१०. दुसरं २४.१५. तिसऱ्याला तिचा हात जरा घाईत सुटला, फ्लास्क एकदम गडद गुलाबी झाला, आणि ब्युरेट सांगत होती २४.९०. घड्याळात सहा मिनिटं उरली होती. चौथ्यांदा करायला वेळ नव्हता. हे लिहिलं तर सरासरी बिघडणार, गुण कापले जाणार, आणि बी राहील की जाईल ते देव जाणे. २४.१० लिहिलं तर सगळं जागच्या जागी. बाकीची मुलं भांडी धूत होती. मिस्टर ट्वेट खिडकीपाशी पाठ करून उभे होते आणि एकदाही वळले नाहीत. फ्लास्क ओला होता. या वेळी कुणाला कळलं नसतं.

ती घाबरली होती, हे सांगायलाच हवं. चार वर्षं, तो तक्ता, जानेवारीतली कॉफी, सगळं त्या सहा मिनिटांत तिच्या पेनाच्या टोकाशी येऊन बसलं होतं. तिने २४.९० लिहिलं. लिहिताना नऊचा आकडा वाकडा झाला. खाली सरासरी काढली, ती बिघडलेली आली, तीच लिहिली आणि वही टेबलावर ठेवून ती बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शेवटच्या प्रयोगात चार गुण कापले होते. एकूण एक्याऐंशी. बीला ऐंशी लागतात. सिग्नेने ते दोन आकडे कितीतरी वेळ पाहिले. एका गुणावर अख्खं आयुष्य टांगलेलं होतं. मग तिने कार्यालयात जाऊन गुणपत्रक मेडिकलला रवाना करायला लावलं आणि पावती पाकिटात नीट घडी करून ठेवली.

पिकअपमध्ये आर्विड आधीच येऊन बसले होते. टाय सोडून डॅशबोर्डवर टाकलेला. मधल्या सीटवर दोन वह्या होत्या, एक तिची अकरावीतली, कोपरे झिजलेली, आणि दुसरी या उन्हाळ्याची. चौदा मार्चच्या पानाला खूण घातलेली दिसली म्हणून तिने ते उघडलं. १८.६० वर लाल रेघ होती, बाजूला शून्य, खाली आजची तारीख आणि त्यांची सही.

गाडी हायवेला लागल्यावर ते म्हणाले, "ही नवी वही मला देशील? सप्टेंबरपासून वर्गात दाखवायला हवीय."

सिग्नेने नवी वही उघडून शेवटचं पान काढलं.

"शेवटच्या प्रयोगातलं तिसरं चुकलंय, डॅड."

"माहीत आहे," ते म्हणाले. "गुण मीच कापलेत."