बारी कोन सोडतं?

आमचे मालक, सूर्यभानराव, पानी प्यायचे न्हाईत. ज्या गड्यानं देवळाली प्रवरेच्या शिवारात पाटाच्या पान्यासाठी सगळ्या भावकीशी उभा दावा मांडला, त्यो वृद्धाश्रमात आल्यावर पेला बघून तोंड फिरवतो. काय म्हनावं ह्या मानसाला?

लेक लांब दिलेली, म्हनून आमी दोघं हितं आलो. खोली चांगली, खाटा शेजारी शेजारी. पन मालकांना घेरी आली, मग लघवीची जळजळ व्हऊन ताप भरला. डॉक्टरीनबाईनं मला बाजूला घेतलं. म्हनल्या, पोटात पानी अन् पायात जोर आला न्हाई, तर पुढल्या तपासनीनंतर ह्यांना मागच्या इमारतीत हलवावं लागंल. तिथं खाटंवर पडलेले गडी असत्यात, बायांना ऱ्हाता येत न्हाई.

मी मालकांना ते सांगितलंच न्हाई. सांगितलं अन् ‘मग हलवा की’ म्हनले असते तर? लगीन झाल्यापासून ह्या मानसानं माझ्यावर एक गोड शब्द खर्चलेला न्हाई. ते ऐकायची माझी छाती न्हवती.

आमची देखभाल करनारी अश्विनी लई गुनाची. तिनं ताकात जिरं घालून बघितलं, ज्वारीची आंबील केली, टरबुजाच्या फोडी दिल्या. मालक दोन घोट घ्यायचे अन् पेला सारायचे. सकाळी खुर्चीवर बसून टाचा वर-खाली करायच्या, हात टेकून उठायचं-बसायचं, तर म्हनायचे, शाळंतली कवायत आता कशाला?

शेवटी मी शेजारच्या खोलीतल्या इब्राहिमभाईंपाशी रडगानं गायलं. ते जामखेडचे, जन्म टँकरची वाट बघन्यात गेलेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी पेला सारला, तसा इब्राहिमभाईंनी उचलला अन् घटाघटा पिऊन टाकला.

“तुमची बारी वाया चालली हुती, सूर्यभानराव. मी पानी तोडून घेतलं,” ते म्हनले.

मालकांचे कान लालबुंद झाले. पाटावर दुसऱ्यानं आपली बारी, आपली पान्याची पाळी घेतली, तर कोन गप बसंल? अश्विनीनं पुन्हा पेला भरला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून रिकामा केला अन् इब्राहिमभाईंकडं असं बघितलं, की जनू बांध कोरनारा चोर सापडला. मला हसू आवरंना.

पन दुपारी पुन्हा तोंड मिटलं. इब्राहिमभाईंनी खोदून खोदून इचारलं, तवा खरं बाहेर आलं. पानी प्यालं की सारखं उठावं लागतं, उठता येत न्हाई, अन् नातीच्या वयाच्या अश्विनीनं धरून न्यायचं. त्यापरीस तहान बरी, म्हनले.

मग इब्राहिमभाई म्हनले, उठायला शिकू, दोघं मिळून शिकू. रोज सकाळी समोरासमोर खुर्च्या टाकायचे. उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. जामखेडकर आधी उठला, की देवळालीकराला दम निघायचा न्हाई. दोघंबी लहान पोरांवानी एकमेकांची खोडी काढायचे अन् मधल्या मधी आंबील संपवायचे. अश्विनीनं संडासात भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली.

अन् एक दिवस मालक खुर्चीवरनं उठले, भिंतीच्या आधारानं एकटे गेले, आतनं कडी लावली. बाहेर आले ते सरपंच निवडून आल्यासारखे. सगळ्या व्हरांड्यानं टाळ्या पिटल्या, म्या सगळ्यात जोरात.

तपासनीला डॉक्टरीनबाई खूश झाल्या. बोलता बोलता म्हनून गेल्या, आता मागच्या इमारतीत न्यायची गरज न्हाई. मालकांनी इचारलं, कुठली इमारत? बाईंनी सगळं सांगितलं. मालक माझ्याकडं वळले.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

म्या म्हनलं, तुमास्नी काय फरक पडला असता?

मालकांनी माझ्या खाटंवर हात ठेवला. मग डॉक्टरीनबाई, अश्विनी, इब्राहिमभाई, सगळ्यांदेखत बोलले.

“तुझी खाट शेजारी नसली तर मला डोळा लागतो व्हय? आधी सांगितलं असतंस, तर अख्खा पाट पिऊन टाकला असता.”

एवढं ऐकायला म्हातारपन यावं लागलं, पन ऐकलं. अश्विनीनं डोळं पुसायला पदर पुढं केला, तरी मला हसू थांबंना अन् रडूबी थांबंना.